दुखऱ्या पायांसाठी कामाचे बूट: दुकानात शिरण्याआधीपासून पहिल्या पंधरवड्यापर्यंत

दुकानात बूट पायात घालून चार पावलं टाकली, तळव्याखाली गादीसारखं मऊ लागलं आणि मी तो घेऊन टाकला. ही चूक मी एकदा नाही, तीनदा केली. उभं राहून करायचं काम, त्यात टाचदुखी. पहिल्या तासाला वाटायचं, चला, सुटलो. चौथ्या तासाला टाच कुरकुरायला लागायची आणि आठव्या तासाला तळपायाची आग मस्तकाला जायची. तिसरा जोड कपाटात गेला तेव्हा लक्षात आलं की मऊपणा आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मऊ सोल वजनाखाली दबतो आणि पाय त्यावर दिवसभर डुगडुगतो. मग तो सावरण्याचं काम स्नायूंवर आणि कमानीखालच्या पट्ट्यावर पडतं. बूट आठव्या तासाला कसा वागेल, याचा अंदाज पहिल्या दहा मिनिटांत बांधायचा असतो. तो बांधता येतो, फक्त थोडी पूर्वतयारी लागते.

पहिली पायरी: नेमकं कुठे दुखतं?

‘पाय दुखतात’ एवढ्या माहितीवर बूट निवडता येत नाही. एका पायात 26 हाडं असतात. त्यातलं कोण तक्रार करतंय हे कळल्याशिवाय बाजारात जाऊ नका. आठवडाभर रोज दोन ओळी लिहा: कुठे दुखलं, दिवसाच्या कुठल्या वेळी दुखलं, आणि बूट काढल्यावर थांबलं की नाही.

सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल टाचेत खिळा ठोकल्यासारखं लागत असेल आणि थोडं चालल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा प्लान्टर फॅशायटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या जाड पट्ट्याचं दुखणं. चवड्यात, विशेषतः तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधल्या भागात जळजळ होते, मोज्यात खडा अडकल्यासारखं वाटतं, तेव्हा मज्जातंतूजवळच्या सुजेचा, मॉर्टन्स न्यूरोमाचा संशय घ्यावा. अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं आणि बुटावर घासणारं हाड म्हणजे बनियन. अंगठा वर वळतच नसेल, पाऊल उचलताना तिथेच कळ येत असेल, तर सांध्याची झीज असू शकते. करंगळीवर किंवा बोटांच्या टोकांवर भोवऱ्या आणि घट्टे असतील, तर निम्म्याहून अधिक दोष जुन्या बुटाच्या पुढच्या भागाचा असतो.

हे सगळे अंदाज आहेत, निदान नव्हे. काही लक्षणं दिसली तर खरेदी थांबवून आधी डॉक्टर गाठावा: पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येणं, न भरणारी जखम, किंवा अचानक एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसणं. मधुमेह असेल तर यातलं एकही लक्षण ‘उद्या बघू’ म्हणून सोडू नका.

कमानीसाठी घरचा एक प्रयोग आहे. तळपाय ओला करा, जाड कागदावर पूर्ण वजन देऊन उभे राहा, मग ठसा बघा. टाच आणि चवडा यांच्यामध्ये बोटभर पट्टीच उमटली तर कमान उंच आहे. अख्खा तळवा उमटला तर पाय सपाट आहे. ठसा ढोबळ असतो, पण दुकानात कुठल्या कपाटाकडे वळायचं, इतपत समजतं.

दुसरी पायरी: जुने बूट उलटे करा

सध्या वापरात असलेला जोड टेबलावर ठेवा आणि मागून, डोळ्याच्या रेषेत बघा. टाचेची बाहेरची मागची कड थोडी झिजलेली असणं हे नेहमीचं आहे. पण दोन्ही बूट आतल्या बाजूला कलंडलेले दिसले, तर तुमचा पाय आत ढळतो आणि जुना बूट त्याला अडवत नव्हता. बाहेरच्या बाजूला झुकले असतील तर बहुतेक कमान उंच आहे. आतला इनसोल, म्हणजे तळव्याखालची सुटी गादी, बाहेर काढून त्यावरचे खळगे बघा. अंगठ्याचा ठसा इनसोलच्या टोकाला टेकला असेल किंवा करंगळीचा ठसा कडेवरून बाहेर गेला असेल, तर इतके दिवस तुम्ही चुकीच्या मापाचा बूट घालत होता.

तिसरी पायरी: माप

‘माझा नंबर अमुक’ हे विसरा. वय, वजन आणि गरोदरपण यांनी पाय बदलतो. कमान सैल होते, पाय लांबतो, पसरतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा, ज्याला लास्ट म्हणतात, निराळा असतो.

माप दिवस कलताना घ्या, कारण दिवसभरात पाय फुगतो. उभं राहून घ्या, कारण वजन आल्यावर पाय लांब आणि रुंद होतो. कामावर जे मोजे घालता तेच घाला. दोन्ही पाय मोजा. ते सहसा सारखे नसतात, आणि बूट मोठ्या पायाच्या मापानेच घ्यायचा असतो. लहान पायाची सैल जागा इनसोलने भरता येते, मोठा पाय कापता येत नाही.

कागदावर पाय ठेवून पेन्सिल उभी धरा आणि कडेने रेघ मारा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढे असतं. मग चवड्याची सर्वांत रुंद जागा मोजा. ही आकृती कापून दुकानात न्या आणि बुटाच्या तळाशी धरा. कागद सोलच्या बाहेर डोकावत असेल तर तो बूट घालून बघण्यातही अर्थ नाही. हा साधा कागद विक्रेत्याच्या दहा वाक्यांपेक्षा खरं बोलतो.

आणखी एक माप असतं, ज्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही: टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर. बूट चवड्यापाशी वाकतो. तुमचा पाय जिथे वाकतो तिथेच तो वाकला पाहिजे. बोटं आखूड आणि कमान लांब असलेल्या माणसाला लांबीने बरोबर वाटणारा बूट चुकीच्या जागी वाकतो आणि कमानीला टोचत राहतो. दुकानात सरकत्या पट्ट्यांचं धातूचं ब्रॅनॉक मोजमापयंत्र असेल, तर हे माप त्यावर थेट मिळतं.

नंबरांचं गणित थोडक्यात. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण 8.5 मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे सुमारे 6.7 मिलिमीटर. म्हणून एका पद्धतीतला नंबर दुसरीत बदलताना तंतोतंत जुळत नाही. बूट रुंदीला घट्ट आहे म्हणून एक नंबर मोठा घेणं ही तर सगळ्यांत पसरलेली चूक. लांबी भरपूर वाढते, रुंदी जेमतेम वाढते, टाच मागे सुटते आणि बोटं पकड ठेवण्यासाठी आकसतात. बूट रुंदीला कमी पडत असेल तर रुंद साचा मागा. अनेक कंपन्या तो 2ई, 4ई अशा खुणांनी विकतात.

चौथी पायरी: पायात घालण्याआधी हातात

इथे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो, आणि विक्रेत्याची नजर अस्वस्थ झाली तरी घालवतो.

टाचेमागचा कडक भाग, म्हणजे हील काउंटर, अंगठा आणि बोट यांच्यात दाबा. तो दबला नाही पाहिजे. मग बुटाचं टोक आणि टाच धरून वाकवा. तो बोटांच्या मुळापाशी वाकावा. मधोमध घडी पडत असेल तर कमानीखाली आधारच नाही, तो ठेवून द्या. तिसरी चाचणी पिळण्याची: ओला कपडा पिळतात तसा बूट पिळून बघा. थोडा प्रतिकार हवा. कपड्यासारखा पिळला गेला तर दिवसभर उभं राहणाऱ्याच्या तो कामाचा नाही.

मग हात आत घाला आणि बोटांनी अस्तर चाचपा. शिवणीची गाठ, गोंदाचा ओघळ, अस्तराची सुरकुती, जे बोटाला लागेल ते पायाला दहापट लागेल. बोटांच्या जागेची, म्हणजे टो बॉक्सची, रुंदी आणि उंची दोन्ही बघा. इनसोल निघतो का, हेही बघा. पुढे वेगळा इनसोल घालायचा असेल तर हे आवश्यक आहे. टाचेची उंची दोन-तीन सेंटीमीटरच्या आसपास असावी. त्याहून वर गेली की वजन चवड्यावर सरकतं. अगदी सपाट चपटा सोल आखडलेल्या पोटरीला आणि दुखऱ्या टाचेला सोसत नाही.

शेवटी बांधणी. लेस किंवा वेल्क्रो हवा. नुसता सरकवून घालायचा बूट पायाला धरून ठेवत नाही, मग बोटं आकसून तुम्हालाच त्याला धरून ठेवावं लागतं.

पाचवी पायरी: दुखण्याप्रमाणे काय मागायचं

*टाचदुखी:* मधोमध न वाकणारा सोल, घट्ट टाच, कमानीला भरीव आधार आणि टाचेखाली बऱ्यापैकी उशी. उशी हवी, पण ती अंगठ्याने पार तळापर्यंत दाबली जाऊ नये. या दुखण्यात टाच किंचित उंच असलेली बरी वाटते, कारण पोटरीची ओढ कमी होते.

*सपाट पाय:* सोलचा आतल्या कडेचा भाग बाहेरच्यापेक्षा टणक असलेला बूट शोधा. वरून पाहिल्यावर केळ्यासारखा आत वळलेला साचा टाळा, सरळ साचा घ्या. दुखतच नसेल तर सपाट पाय हा आजार नाही. तेव्हा केवळ ठसा पाहून महागडा आधार विकत घेऊ नका.

*उंच कमान:* इथे उलट गणित. असा पाय धक्का कमी शोषतो, म्हणून उशी जास्त लागते. बूट पायाच्या वरच्या फुगीर भागावर दाबत असेल, तर त्या जागेची लेस आडवी न नेता सरळ वरच्या भोकात न्या. दाब लगेच उतरतो.

*बनियन आणि वाकडी बोटं:* रुंद आणि उंच टो बॉक्स. हाडावर शिवण, पट्टा किंवा जोड येता कामा नये. मऊ चामडं असेल तर बूट दुरुस्त करणारा कारागीर नेमक्या त्याच जागी ते ताणून फुगवटा काढून देऊ शकतो. चामडं रुंदीला थोडं सुटतं, लांबीला सुटत नाही. सिंथेटिक वरचा भाग तेवढाही सुटत नाही. त्यामुळे ‘वापरून सैल होईल’ हे आश्वासन कुणी दिलं तर आधी बूट कशाचा आहे ते बघा.

*चवड्याची जळजळ:* रुंद पुढचा भाग, कमी टाच आणि पुढून वर उचललेला, झुलत्या खुर्चीच्या पायासारखा वळलेला रॉकर सोल. सोबत मेटाटार्सल पॅड, म्हणजे चवड्याच्या हाडांना आधार देणारी छोटी उशी, वापरता येतं. ते दुखऱ्या जागेखाली लावायचं नसतं, तिच्या किंचित मागे लावायचं. तसं लावलं की ते मागून हाडं उचलतं आणि वजन दुखऱ्या जागेवरून हटतं. नेमकं खाली लावून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यातलाच.

*अंगठ्याचा आखडलेला सांधा:* रॉकर सोल इथेही चालतो, पण सोल पुढे कडक हवा. मऊ, लवचीक बूट सांध्याला प्रत्येक पावलाला वाकायला लावतो, आणि दुखतं ते वाकण्यानेच.

*टाचेच्या मागे उंचवटा किंवा मागची शीर दुखणं:* वर टाचेमागचा कडकपणा चांगला म्हटला, त्याला हा अपवाद. वरची कड जाड मऊ गादीची हवी, नाहीतर ती उंचवट्यावर करवतीसारखी चालते.

*मधुमेह आणि बधिर पाय:* यावर थोडं थांबतो, कारण इथली चूक महागात पडते. बधिर पायाला घट्टपणा कळत नाही, म्हणून नेहमीच्या मापाचा बूट अशा माणसाला सैल वाटतो आणि तो हळूहळू लहान बूट घेत जातो. म्हणजे इथे ‘कसं वाटतंय’ या प्रश्नाला काहीच किंमत नाही. कागदाची आकृती, पट्टी आणि डोळे यांवर भरवसा ठेवा. शक्यतो जाणकाराकडून माप घ्या. आत शिवण नसलेलं अस्तर, जास्त खोली, बंद पुढचा भाग, लेस किंवा वेल्क्रो हवा. रोज घालण्याआधी बूट उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. एक बारीक खडा दिवसभर पायाखाली राहिला आणि संध्याकाळी जखम दिसली, असं घडतं. रोज रात्री तळवे आरशात बघा. भोवरी काढणाऱ्या औषधी पट्ट्या लावू नका, त्यातलं आम्ल निरोगी कातडीही खातं.

*सूज येणारे पाय:* रुंद उघडणारा आणि दिवसभरात सैल करता येणारा बूट. हातांना संधिवात असेल तर लेसऐवजी वेल्क्रो किंवा बाजूची चेन, म्हणजे सकाळी कुणाला हाक मारावी लागत नाही.

सहावी पायरी: कामाची अट

आराम कितीही हवा असला तरी कामाची जागा काय मागते, ते आधी विचारून घ्या. जिथे जड वस्तू पडू शकतात तिथे आयएसओ 20345 या मानकाचे सुरक्षा-बूट लागतात. त्यांची पुढची टोपी 200 जूलचा आघात झेलते, म्हणजे साधारण 20 किलो वजन एक मीटरवरून पडल्याइतका. आयएसओ 20346 मध्ये तो आकडा 100 जूल आहे. आयएसओ 20347 च्या बुटांना टोपीची अट नाही. ओल्या, तेलकट फरशीवर उभं राहणाऱ्यांसाठी ते पुष्कळदा पुरेसे ठरतात. कामावर टोपी बंधनकारक नसेल तर नुसत्या मजबूत दिसण्यासाठी ती घेऊ नका, ती वजन वाढवते आणि जागा खाते.

बनियन असणाऱ्यांनी टोपीबाबत एक लक्षात ठेवायचं: ती पोलादी असो वा कंपोझिट (धातू नसलेली), वापरून कधीच सैल होत नाही. पहिल्या दिवशी कडेला लागली तर शेवटच्या दिवशीही लागणार. म्हणून बूट घालून गुडघे टेकून बसा, पंजावर उभे राहा, टोपीची मागची कड बोटांत रुतते का ते बघा. ‘स्त्रियांचा’ म्हणून विकला जाणारा काही सुरक्षा-बूट म्हणजे पुरुषांच्याच साच्याची लहान आवृत्ती असतो. चवडा बसतो आणि टाच आत खुळखुळते. तेव्हा वेगळ्या साच्याचा शोध घ्यावा, मोज्यावर मोजा चढवून भागवू नये.

आणि इनसोल बदलायचा असेल तर आधी कंपनीचं माहितीपत्रक वाचा. सुरक्षा-बुटाची चाचणी त्याच्या मूळ इनसोलसह झालेली असते. दुसरा घातल्यावर स्थिर वीज वाहून नेण्याचा गुण जाऊ शकतो, आणि जाड इनसोलमुळे बोटं टोपीच्या जवळ येतात.

सातवी पायरी: दुकानातली पंधरा मिनिटं

संध्याकाळी जा. कामाचे मोजे आणि वापरत असाल तो इनसोल सोबत न्या. दोन्ही बूट घाला, टाच मागे ठोकून बसवा आणि मगच लेस बांधा. उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा असावी. चवडा बुटाच्या सर्वांत रुंद भागात यावा. चालताना टाच अगदी किंचित उचलली तर चालेल, घासत वरखाली झाली तर नाही.

मग चाला, आणि गालिच्यावर नव्हे, कडक फरशीवर. जिना किंवा उतार असेल तर उतरून बघा, उतरताना बोटं पुढे आदळतात का ते कळतं. नंतर पाच-सात मिनिटं एका जागी नुसते उभे राहा. हे कंटाळवाणं आहे, पण काम उभं राहण्याचं असेल तर खरी परीक्षा हीच. बूट काढल्यावर पायावर लाल खूण दिसली तर ती जागा लक्षात ठेवा. काही मिनिटांत खूण गेली नाही तर बूटही तिथेच ठेवा.

एकाच जोडावर अडकू नका. शेजारच्या नंबराचा आणि शेजारच्या रुंदीचा मागवून एका पायात एक, दुसऱ्यात दुसरा घालून बघा. आणि परत करण्याची अट विचारून पावती जपा.

आठवी पायरी: पहिला पंधरवडा

पहिल्या दिवशी घरातच, स्वच्छ फरशीवर, तासभर घाला. परत करायचा झाला तर सोल कोरा राहिला पाहिजे. मग दोन तास, मग अर्धा दिवस. बधिर पायांनी तर प्रत्येक वेळी बूट काढून कातडी तपासावी. कामाच्या जागी पहिले काही दिवस जुना जोड पिशवीत असू द्या. कमानीचा नवा आधार सुरुवातीला परका वाटतो, तो ‘परका’ चालतो. टोचणं, बधिर होणं, फोड येणं यातलं काहीही ‘सवय होईल’ या सदरात बसत नाही.

टाच सुटत असेल तर लेसची एक युक्ती आहे. सर्वांत वरच्या दोन भोकांत त्याच बाजूने छोटा फास करा, समोरची लेस त्या फासातून ओवून खाली ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि पुढचा भाग मोकळा राहतो.

जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा. दिवसभराचा घाम सुकायला एक रात्र पुरत नाही, आणि ओलसर बुटात कातडी मऊ पडून फोड लवकर येतात. सुकवताना इनसोल बाहेर काढा, हीटरजवळ ठेवू नका.

बूट कधी बदलायचा, हे वरचा भाग बघून ठरवू नका. वरून चकचकीत असलेल्या बुटाचा फोम आतून बसलेला असू शकतो. सोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या दिसल्या, टेबलावर ठेवल्यावर तो कलंडला, किंवा गेलेलं दुखणं पुन्हा संध्याकाळी डोकावायला लागलं, की बदला. रोज आठ-आठ तास उभं राहणाऱ्यांच्या पायात एक जोड वर्षभर टिकला तर पुष्कळ झालं. पण म्हणून आवडलेल्या बुटाचे चार जोड एकदम घेऊन साठवू नका: पॉलियुरेथेनचा सोल न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, आणि काही वर्षांनी खोक्यातून काढलेला कोरा बूट दुसऱ्याच पावलाला भुगा होऊन पडतो.